घडीचा पडदा घेताना

मी दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. मुलांना घरी परत बघता यावेत म्हणून धड्यांचे व्हिडिओही करते. डोंबिवलीतलं आमचं घर वन बीएचके. आतली खोली दहा बाय बारा. कॅमेरा कुठेही ठेवला तरी मागे कपाट, नाहीतर दोरीवरचे कपडे येतात. धाकटी जाऊ घरून साड्या आणि खण विकते. तिलाही फोटोंसाठी मागे काहीतरी साधं, स्वच्छ हवं होतं. दोघींनी मिळून एकच पडदा घ्यायचं ठरवलं.

सुरुवातीला ऑनलाइन स्वस्तातलं हिरवं कापड मागवलं. ते नॉन-वोव्हन निघालं, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पातळ पिशव्यांचं असतं तेच. बारीक घडी घालून आलं होतं आणि त्या घड्या काही केल्या जाईनात. हिरवा पडदा काढून मागे दुसरं चित्र लावायचं, तर सॉफ्टवेअरला सगळीकडे एकसारखा हिरवा लागतो. घडीच्या सावलीत तो गडद होतो, उंचवट्यावर फिका. मी फळ्याचं चित्र लावलं, तर त्यातून हिरव्या रेघा डोकावत राहिल्या. या कापडाला नेहमीची गरम इस्त्रीही चालत नाही. ते प्लास्टिकच असतं, लगेच आकसतं.

मग ओळखीच्या एका फोटोग्राफरने त्याचा स्टँड वापरायला दिला. दोन तिवया आणि वर आडवी दांडी. पडदा छान ताणून बसला, पण तिवयांचे पाय एवढे पसरले की खोलीचं दार अर्धंच उघडायचं. पंखा लावला की कापड हलायचं. शाळेतून आल्यावर हे सगळं उभं करायचं, रात्री झोपायला जागा हवी म्हणून परत काढायचं. महिनाभरात मी रेकॉर्डिंगच टाळायला लागले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत व्हिडिओ नकोसेच वाटत होते.

तेव्हा घडीच्या पडद्याचा विचार सुरू झाला. कापडाच्या कडेने पोलादी पट्टीची लवचिक कडी शिवलेली असते. पिशवीतून काढला की पडदा आपोआप उघडतो आणि कापड ताणलेलं राहतं. मिटला की साधारण दोन फुटांची चकती होते. आम्ही फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. तिथे कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानात पाकीट उघडून दाखवायला तयार नव्हते. तिथून आम्ही निघालो. दुसऱ्या दुकानातले काका म्हणाले, "मॅडम, उघडून बघा, मिटून बघा, मगच घ्या. मिटता नाही आला तर घरी नुसता पडून राहील."

हा सल्ला लाख मोलाचा होता. त्यांनी मिटायची रीत दाखवली. पडदा उभा धरायचा, दोन्ही हात मधोमध दोन कडांवर. एक हात सुलटा, दुसरा उलटा. उलट्या हाताने कड पिळत आत आणायची. पडद्याचा इंग्रजी आठाचा आकडा होतो, मग त्याची वर्तुळं एकमेकांवर बसतात. कडीशी झटापट करायची नाही, ती वळते तिकडे वळू द्यायची. जावेला पटकन जमलं, मला वेळ लागला. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, मला अवघडल्यासारखं झालं, पण काकांनी घाई केली नाही.

तिथे आम्ही आणखी काही गोष्टी तपासल्या. कापड उजेडासमोर धरून पाहिलं. स्वस्तातल्या एका पडद्यातून पलीकडची ट्यूबलाइट स्पष्ट दिसत होती, तो बाजूला ठेवला. पातळ दुहेरी कापडात मागचा रंग पुढे उतरतो. कडेची शिवण पाहिली, कारण कडी बाहेर यायला लागते ती तिथूनच. कापडाच्या चकाकीकडेही बघितलं. चकाकणारं कापड दिव्याचा डाग दाखवतं, मंद कापड नाही. शेवटी पाच बाय साडेसहा फुटांचा, एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा असा पडदा घेतला. अडीच हजारांच्या आत मिळाला. पांढरा-काळा त्याच मापाचा होता, तो जावेने दिवाळीची विक्री झाल्यावर घेतला.

मापाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पडदा घेताना लोक इथेच फसतात. पाच फूट रुंद पडदा म्हणजे पाच फूट रुंद चित्र नव्हे. हा दहावीतला समरूप त्रिकोणांचा हिशेब आहे. माझ्यापासून कॅमेरा आठ फुटांवर आणि पडदा माझ्यामागे चार फुटांवर असेल, तर कॅमेऱ्यापासून पडदा बारा फूट. बारा भागिले आठ, दीड. म्हणजे माझ्या जागी जेवढी रुंदी दिसते, त्याच्या दीडपट पडदा मागे लागतो. उभा ठेवला तर पाच भागिले दीड, जेमतेम सव्वातीन फूट. हात पसरून काही दाखवायला ते कमी पडतं. म्हणून मी पडदा आडवा ठेवते. साडेसहा भागिले दीड, सव्वाचार फुटांच्या थोडं वर. आडवा ठेवला की उंची पाच फूटच राहते. म्हणून तो जमिनीवर न ठेवता दिवाणावर ठेवून भिंतीला टेकवते आणि वरून चिमट्यांनी खिडकीच्या पडद्याच्या दांडीला अडकवते. कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये. बाकी राहिलेल्या कडा सॉफ्टवेअरमध्ये कापता येतात.

जागा वाचवायला पडद्याला खेटून बसावंसं वाटतं. तसं करू नका. आपली सावली पडद्यावर पडते आणि हिरव्याचा उजेड उलटून केसांवर, चष्म्याच्या काड्यांवर येतो. मग सॉफ्टवेअर कानामागचे केस खातं. चार फूट अंतर ठेवलं आणि पडद्यावर दोन बाजूंनी दोन एलईडी ट्यूब टाकल्या, तेव्हा कडा स्वच्छ झाल्या. फोनचं एक्स्पोजर लॉक केलं नाही, तर हलताना चित्राचा उजेड बदलतो आणि हिरव्याची छटाही.

आणि बांगड्या! श्रावणात मी हिरवा चुडा घालून बसले आणि व्हिडिओत माझी मनगटं गायब झाली. बांगड्यांच्या जागी मागचा फळा दिसत होता. हिरव्या काठाच्या साडीचं तेच. तेव्हा निळी बाजू उपयोगी पडली. एरवी मी हिरवीच वापरते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंतले दोन हिरव्यासाठी असतात, त्यामुळे हिरवा कमी उजेडातही स्वच्छ निघतो. निळ्याला जास्त उजेड लागतो. पण आपल्याकडच्या बायकांचा हिरव्या रंगाशी रोजचा संबंध आहे, म्हणून दुहेरीच घ्या, एकरंगी घेऊ नका.

जावेच्या फोटोंना हा पडदा चालला नाही. साडीमागे हिरवा किंवा निळा ठेवला की रेशमावर त्याची झाक येते आणि गिऱ्हाइकाला रंग वेगळा दिसतो. एकीने साडी परत पाठवली, तेव्हा जाऊ रडकुंडीला आली होती. पांढरा-काळा पडदा आल्यावर तिचं काम सोपं झालं. तिला राखाडीही हवा होता, पण त्यासाठी तिसरा घ्यावा लागला नाही. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. दिवा साडीच्या जवळ आणला आणि पांढरा पडदा बराच मागे सरकवला, की तोच राखाडी दिसतो. मात्र पायांपर्यंत उभी बाई घ्यायची असेल तर हे माप अपुरं पडतं. खाली फरशी दिसते. त्याला जमिनीवर पसरणारा लांब पडदाच हवा.

उघडताना पडदा जोरात फाकतो. मी आता चेहरा वळवून, मुलांना बाहेर काढून मगच उघडते. मिटलेला पडदा कपाटामागे उभा ठेवते. वर सामान रचलं तर कडी वाकते. आमच्या पडद्यातून कडी निघत नाही, त्यामुळे मशिनमध्ये धुणं नाही. डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवते. पावसाळ्यात ओलसर मिटला तर पट्टी गंजून कापडावर तांबूस रेघ उमटते. जावेच्या पांढऱ्यावर तशी एक आहे. फोटो काढताना रेघेची बाजू ती खाली ठेवते.