ब्रेस्टस्ट्रोक

शर्यतीच्या चार पोहण्यांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ. बेडकासारखे हातपाय मारायचे अन् क्षणभर अंग ताणून नुसते सरकायचे! मला तो विसावाच आवडतो.

चिमुकल्या लिथुएनियाची रूता मेइलुतीते. २०१२ साली लंडनला, १५व्या वर्षी, १०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक तिने ०.०८ सेकंदाने जिंकले. पुढे तीन उत्तेजक-चाचण्या चुकल्या. २०१९ मध्ये तिने निवृत्ती पत्करली, पाठोपाठ दोन वर्षांची बंदी आली. सारे आटोपले म्हणावे, तो २०२३ मध्ये फुकुओकाला ५० मीटर २९.१६ सेकंदांत, विश्वविक्रम!

आपल्याकडे मुलाचे एक वर्ष गेले, की घरात सुतक. निकालानंतर असे पालक माझ्याकडे येतात. मी रूताची गोष्ट काढतो. गुणपत्रिका बदलत नाही. पण मुलगा मान वर करून चहाचा कप उचलतो.