उलट्यासुलट्या अक्षरांची शाळा

३५ वर्षें खडू झिजवून आम्ही शाळेंतून निवृत्त झालों, तेव्हां शिकावयाचें तें शिकून झालें, आतां कोणी विचारील तर सांगावयाचें, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ती आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें मोडली.

आमच्या घरीं सकाळच्या चहाबरोबर चिरंजीव व नात मोबाइलवर ‘स्ट्रँड्स’ नांवाचा शब्दशोध सोडवितात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तो मार्च २०२४ मध्यें सुरू केला. रोज एक नवें कोडें. सहा रकाने, आठ ओळी, मिळून ४८ इंग्रजी अक्षरें, आणि वर विषय सुचविणारी एक ओळ. एका अक्षरावरून शेजारच्या अक्षरावर आडवें, उभें, तिरपें वळत शब्द शोधावयाचे, आणि शेवटीं एकहि अक्षर उरूं द्यावयाचें नाहीं.

“यांत तें काय!” असें आम्ही म्हणालों. ज्यांचें उत्तर त्यांच्याच अक्षरांत दडलेलें असतें, अशा संस्कृत अंतर्लापिका आम्हीं पुष्कळ उकलिल्या होत्या. ‘किरातार्जुनीया’च्या १५ व्या सर्गांतील सर्वतोभद्र श्लोक मुलांना फळ्यावर मांडून दाखविला होता. परंतु पहिल्या दिवशीं अर्धा तास डोळे ताणूनहि आम्हांस एक शब्द सांपडला नाहीं. डोळे संवयीनें डावीकडून उजवीकडे धांवत, आणि हातीं कांहींच लागत नसे.

नात जवळ सरकून म्हणाली, “आजोबा, घाई करूं नका. आधीं कोपरा पाहा. कोपऱ्यांतल्या अक्षराला तीनच शेजारी असतात, मधल्याला आठ.” आम्ही कोपरा धरला. पहिला शब्द लागला. तितकीं अक्षरें बाजूला पडलीं, आणि उरलेल्यांच्या वाटा आपोआप कमी झाल्या.

त्या क्षणीं आनंदाच्या आधीं आम्हांस आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. पांचवींत असूनहि तो ‘कमल’चें ‘कलम’ वाची. आम्हीं त्याला आळशी ठरविलें, बांकावर उभें केलें. “गुरुजी, अक्षरें जागेवर राहत नाहींत,” असें तो एकदां म्हणाला. वर्ग हंसला, आणि लिहावयास लाज वाटते, आम्हीहि हंसलों. कांहीं मुलांना वाचतांना खरोखरच अशी अडचण येते, तिला डिस्लेक्सिया म्हणतात आणि तो आळस नव्हे, हें आम्हीं पुढें वाचलें. पण वाचलें तें डोक्यांत राहिलें. अक्षरांपुढें हतबुद्ध होऊन बसणें म्हणजे काय, याचा अनुभव साठी उलटल्यावर, तोहि खेळांत, अर्धा तासच आला. त्या मुलाचा तो रोजचा दिवस होता. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली. पुढें त्याचें काय झालें, हें आम्हीं कधीं विचारलेंहि नाहीं.

असो. आतां रोजचें कोडें आम्हांस बहुधा सुटतें. हल्लीं संध्याकाळीं शेजारचा एक मुलगा आमच्याकडे वाचावयास येतो. तो अडखळला कीं, ओठांवर आलेला जुना शब्द आम्ही गिळतों आणि नातीचाच धडा त्याला देतों: “घाई करूं नकोस, बाळ. एकेक अक्षर पाहूं.”