ठिणगी किती मोठी हवी?

मंडळी, मी नेमकं काय काम करतो हे नातेवाइकांना समजावून सांगणं हे डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेपेक्षाही अवघड आहे. "गाड्यांचं काहीतरी करतो" इथपर्यंत सगळे येतात. त्यापुढे "इंजिनातल्या ठिणगीला किती ऊर्जा द्यायची ते दर वेळी नव्याने ठरवणारं नियंत्रण" असं म्हटलं की समोरचा माणूस चहा टाकायला उठतो. आज जरा सविस्तर सांगतो, तुम्ही उठू नका :-)

स्पार्क प्लगची ठिणगी फारच छोटी गोष्ट आहे हो. पेट्रोल गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये साधारण ५० ते १०० मिलीज्यूल ऊर्जा साठवतात. १०० ग्रॅमचा कांदा ओट्यावरून सात-आठ सेंटिमीटर वर उचला, झाली तेवढी ऊर्जा खर्च! आणि गंमत म्हणजे प्रयोगशाळेत, हवा शांत आणि वाफेचं प्रमाण अगदी बरोबर असेल, तर पेट्रोल पेटायला पाव मिलीज्यूलच्या आसपास पुरते.

मग शेकडो पट ऊर्जा कशाला? कारण इंजिनात काहीच शांत नसतं. आत वावटळ चालू असते, ती ठिणगीला ताणते, कधी विझवते. प्लगचा थंड धातू उष्णता ओढून घेतो. आधीच्या फेरीतला थोडा धूर मागे उरलेला असतो, आणि इंधन वाचवायला व प्रदूषण कमी करायला आम्ही आणखी थोडा मुद्दाम परत आत सोडतो. असं मिश्रण पेटायला फार नखरे करतं. नाहीच पेटलं तर मिसफायर. मग ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा डबा खराब होतो.

बरं, भीती वाटते म्हणून सरसकट भरपूर ऊर्जा द्यावी, तर प्लगची टोकं झिजतात. टोकं झिजली की फट वाढते, फट वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. आगीतून फुफाट्यात.

ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंगने बनवलेली बॅटरी-कॉइलची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. तत्त्व अजून तेच: कॉइलमध्ये करंट सोडायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा. करंट किती मिलिसेकंद चालू ठेवला यावर ऊर्जा ठरते. इथे मिशिगनच्या थंडीत पहाटे गाडी चालू करताना बॅटरीचं व्होल्टेज असं काही पडतं की तेवढाच करंट भरायला जास्त वेळ द्यावा लागतो. हे सगळं कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. पण तक्ता लिहिला जातो नव्या प्लगसाठी. दोन वर्षं जुन्या प्लगचं त्याला काय कळणार?

माझं काम इथे सुरू होतं. ठिणगी किती वेळ टिकली, व्होल्टेज कसं चढलं-उतरलं, आणि ज्वाळा पेटल्यावर प्लगच्या त्याच फटीतून किती बारीक करंट वाहतो (ज्वाळेत आयन असतात, म्हणून वाहतो) हे मोजायचं आणि पुढच्या ठिणगीची ऊर्जा ठरवायची. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या, म्हणजे विचार करायला मिळतात ४० मिलिसेकंद.

खरी मारामारी वेळेची नाहीच. कमीत कमी किती पुरेल हे शोधायचं तर कमी करत करत कड्यापर्यंत जायचं, पण कडा कुठे आहे हे पडल्यावरच कळतं! मिसफायर होऊन तर चालणार नाही. म्हणून आम्ही डळमळ बघतो. कड्याजवळ आलं की प्रत्येक फेरीतला दाब आधीच्या फेरीपेक्षा जास्त कमी-अधिक व्हायला लागतो. पण इंजिन ठणठणीत असतानाही तो थोडा हलतोच. एखादी फेरी मरतुकडी निघाली तर ती ठिणगीमुळे की वावटळीच्या लहरीमुळे? प्रत्येक वेळी घाबरून ऊर्जा वाढवली तर नियंत्रणाला अर्थ नाही, आणि शंभर फेऱ्यांची सरासरी घेत बसलं तर तोवर ड्रायव्हरने पाय उचललेला असतो. किती लवकर विश्वास ठेवायचा, या एका आकड्यापायी माझं दीड वर्ष गेलं.

फोनवर हे ऐकून बाबा म्हणाले, "अरे, एवढ्याशा ठिणगीवर चार वर्षं?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचात, इंजिनला टेकवून किक मारायचात आणि ठिणगी निळी पडते का बघायचात, तेच करतोय." त्यांना पटलं असावं. म्हणाले, "आणि सगळ्या गाड्या बॅटरीवर गेल्यावर?"

बाबांचा हा प्रश्न मात्र नेमका वर्मावर बसला. माझ्याबरोबर डॉक्टरेट केलेल्यांतले बरेच जण आता बॅटऱ्यांचं तापमान मोजतात. प्लग उरतील ते मोठ्या गॅस जनरेटरमध्ये, जिथे दिवसरात्र चालणारं इंजिन प्लग बदलायला थांबवणं महागात पडतं, आणि कदाचित हायड्रोजनच्या इंजिनात. हायड्रोजनचं सगळं उलटं! त्याला ०.०२ मिलीज्यूल पुरते. तिथे भीती मिसफायरची कमी, नको तेव्हा पेटण्याची जास्त. कॉइलमध्ये उरलेली थोडीशी ऊर्जा भलत्याच वेळी ठिणगी पाडू शकते आणि आत येणारं मिश्रण तिथेच भडकतं. म्हणजे इतकी वर्षं पुरेशी कशी द्यायची ते शिकलो, आता उरलेली कशी जिरवायची ते शिकतोय. मजा येतेय, खोटं कशाला बोलू.

बॅटरीच्या एका गटाकडून मला विचारणा झाली आहे. पगार बरा आहे, व्हिसाचं ते बघणार म्हणतात. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, आणि गुरुवारी हायड्रोजनच्या इंजिनावर नवी कॉइल बसवायची आहे.