शाफ्टवरचं अक्षर

नाशिककराला 'गोल्फ क्लब' म्हटलं की क्रिकेट आठवतं. शहराच्या मधोमध त्या नावाचं मैदान आहे. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळ-संध्याकाळ लोक चालायला येतात, गोल्फ सोडून सगळं होतं. त्यामुळे 'माझे बाबा गोल्फ खेळतात' असं शाळेत सांगितलं की मी थापा मारतोय असं पोरांना वाटायचं. त्यात बाबा काही मोठे साहेब नव्हते. तोफखान्यात जवान म्हणून भरती झाले, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. देवळालीला असताना एका साहेबांनी त्यांना आपली जुनी किट देऊन टाकली आणि खेळ लागला तो लागलाच.

आता ते 64 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला. फिजिओथेरपीने हात वर जायला लागला, पण पूर्वीइतका नाही. त्यांच्या नेहमीच्या कोर्सवर एक होल असा आहे की टीवरून मारलेला बॉल नाल्यापलीकडे पडायला हवेतच 170 यार्ड जावा लागतो. पूर्वी तो नाला त्यांच्या हिशेबातही नसायचा. मग बॉल नाल्यात जायला लागले. मग ते तिथे ड्रायव्हरऐवजी आयर्न काढून नाल्याच्या अलीकडेच बॉल ठेवायला लागले. आणि मग रविवारी जाणंच कमी झालं. "ऊन फार आहे रे," म्हणाले. डिसेंबरात.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडची नेहमीचीच गोष्ट. बऱ्याच वर्षांनी डिग्रीला काम मिळालं.

शाफ्ट म्हणजे ड्रायव्हरची दांडी. तिच्यावर एक अक्षर छापलेलं असतं: एल, ए, आर, एस किंवा एक्स. दांडी किती वाकते ते या अक्षरावरून कळावं अशी अपेक्षा. 'एल' सगळ्यात मऊ, 'एक्स' सगळ्यात कडक. 'एस' म्हणजे सीनियर असं वाटू शकतं, पण ते स्टिफ; सीनियर लोकांसाठीचं अक्षर 'ए'. गंमत म्हणजे या अक्षरांना कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा 'आर' दुसऱ्या कंपनीच्या 'एस'पेक्षा कडक असू शकतो. खरं मोजायचं तर दांडीचं ग्रिपकडचं टोक शिकंज्यात आवळायचं, दुसरं टोक ओढून सोडायचं आणि मिनिटाला किती वेळा हलते ते यंत्रावर बघायचं. बाकी अक्षर म्हणजे शर्टावरचं 'एल' किंवा 'एक्सएल'. घालून बघितल्याशिवाय काही खरं नाही.

बाबांच्या ड्रायव्हरवर 'एस' होतं, वजन 65 ग्रॅम. मी 'ए'चा विषय काढला तर म्हणाले, "ती म्हाताऱ्यांची दांडी."

दुकानातले लोक सांगतात की योग्य शाफ्ट चाबकासारखा उसळतो आणि बॉलला जास्तीचा जोर देतो. ऐकायला भारी वाटतं. पण ड्रायव्हरचं डोकं आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला टोला जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. शाफ्टचं काम त्याआधी संपतं. स्विंग खाली यायला लागला की डोकं मागे रेंगाळतं आणि दांडी मागे वाकते. बॉलपाशी येईपर्यंत ती उलट थोडी पुढे वाकलेली असते. डोक्याचा गुरुत्वमध्य दांडीच्या रेषेत नसतो, मागे असतो. वेगाने फिरताना तो हाताच्या रेषेत यायला बघतो म्हणून असं होतं. दांडी पुढे वाकली की डोक्याचा चेहरा जरा वर बघायला लागतो आणि बॉल उंच निघतो. कडक दांडी, मंद स्विंग, तर हे वाकणं कमी आणि बॉल बुटका.

म्हणजे अंतर दांडीत साठवलेलं नसतं. ते अंगातच असतं. दांडी त्यातलं किती वाया घालवते एवढाच प्रश्न.

बाबांना घेऊन पुण्यातल्या एका सिम्युलेटरवर गेलो. पडद्यावर आकडे आले: डोक्याचा वेग ताशी 82 मैल, बॉलचा 115, उड्डाणाचा कोन 9 अंश. मी समजावून सांगायच्या आत बाबा म्हणाले, "मझल व्हेलॉसिटी आणि एलिव्हेशन. एलिव्हेशन कमी पडतंय." तीस वर्षं तोफेमागे काढलेल्या माणसाला मी काय शिकवणार होतो! कॉलेजात प्रक्षेप्य गती मी परीक्षेपुरती केली होती. त्यांनी ती कानठळ्या बसवून घेत केली होती.

त्या दोन वेगांचा भागाकार महत्त्वाचा. ड्रायव्हरने अगदी मधोमध लागला तर तो दीडच्या आसपास जातो. बाबांचा 1.40 होता, म्हणजे बॉल मध्यभागी लागत नव्हता. जड दांडी दुखऱ्या खांद्याने ओढताना डोकं उशिरा पोचत होतं. तिथल्या माणसाने लांब शाफ्ट सुचवला. लांब दांडीने वेग वाढतो हे खरंच आहे. म्हणून तर 2022 पासून वरच्या पातळीच्या स्पर्धांमध्ये 46 इंचांची मर्यादा घालता येते, एरवी नियम 48 इंचांचा. पण जो आधीच मधोमध मारत नाही त्याला आणखी लांब काठी देणं म्हणजे नेम चुकणाऱ्याला लांबचं लक्ष्य देणं. आम्ही उलट केलं. 50 ग्रॅमचा 'ए' लावला आणि बाबांना ग्रिप इंचभर खाली धरायला लावली. याला खर्च शून्य. तुम्ही खेळत असाल तर नवा शाफ्ट घेण्याआधी हे करून बघा.

वेग 84 झाला. फार नाही. पण बॉलचा वेग 122 आणि कोन 13 अंश. बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा तो जुना दे." जुन्याने पाच, नव्याने पाच, परत जुन्याने पाच. तोफखान्याचा माणूस एका गोळ्यावर विश्वास ठेवत नाही.

मी त्यांना चौरसियांबद्दल सांगितलं. कोलकात्यातल्या कोर्सवर माळीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा, लांब मारण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता, तरी 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. छोट्या फटक्यांच्या करामतीमुळे त्याला लोक 'चिपपटसिया' म्हणतात. बाबा म्हणाले, "त्याच्या वाटेत आमचा नाला नव्हता."

नाला आता दहातून सहा-सात वेळा पार होतो. उरलेल्या वेळी बॉल जातो आणि कॅडी हसतो, पण रविवारचं ऊन बाबांना परत सोसायला लागलंय.

शाफ्ट बसवून घेताना त्यांनी कारागिराला एकच सूचना केली होती: छापलेली बाजू खाली ठेव. तशी बरेच जण ठेवतात, अक्षरं डोळ्यांना खुपतात म्हणून. चौघांत उभे राहून बाबा स्टान्स घेतात तेव्हा वरून नुसती काळी, कोरी दांडी दिसते. परवा एका कर्नलसाहेबांनी विचारलं, "कुठला फ्लेक्स, सुभेदारसाहेब?"

"माझा," बाबा म्हणाले, आणि टी जमिनीत खोचली.