वहीचं शेवटचं पान

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळं येतं, असा आमच्या घरात एक समज आहे. विजेचं बिल जास्त आलं की ते माझ्यापुढे येतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची ती मीच. बँकेतून आलेला कागदही माझ्याच हातात पडतो. आण्णा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली ती फक्त आम्हाला पोचवायला, आणि आजीला सहीसुद्धा येत नाही. तेव्हा त्यांच्या दृष्टीने बी.ए.चं दुसरं वर्ष म्हणजे ज्ञानाचा कळसच! खरं काय ते आमच्या प्राध्यापकांना ठाऊक आहे.

पण गेल्या हिवाळ्यात या समजाची कसोटी लागली. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "हा काय मासिकात लिहायचा विषय आहे?" असं एका मैत्रिणीने मला विचारलं. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पोरं काय आकाशातनं पडत्यात का?" म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. पाऊस बेताचा, डाळिंबाच्या बागा भरपूर, आणि तालुक्याचं ठिकाण अठरा किलोमीटरवर. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दहावीला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते. पण पुढच्या शिक्षणासाठी रोज एस.टी.ने जायचं, आणि घरात दोघींच्या पासाचे पैसे पुढे कुठून आणायचे, या हिशेबात तिचं शिक्षण थांबलं आणि माझं सुरू राहिलं. हे आमच्यात कुणी कधी बोललेलं नाही. पण मला ते एस.टी.त बसताना रोज आठवतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि दाजी तिला आमच्याकडे सोडून गेले. दिवसा ती हसतखेळत असायची. शेजारणी यायच्या, पोट बघून मुलगा की मुलगी याची भाकितं करायच्या. आई रोज काहीतरी वेगळं करून घालायची. खरी आक्का मला दिसायची ती रात्री. मी दिव्याखाली अभ्यासाला बसलेली आणि ती भिंतीकडे तोंड करून जागी. नववा लागल्यावर तर तिची झोप पार उडाली. उताणं झोपलं की जीव घाबरायचा, कुशीवर झोपलं की कंबर भरून यायची. जेवण छातीशी जळजळायचं. मध्यरात्री पोटरीत असा गोळा यायचा की ती तोंडात पदर धरून उठून बसायची. रात्रीतून चार-चार वेळा परसात जावं लागायचं. मी बॅटरी घेऊन बरोबर जायची. थंडीत अंगणात उभी राहून मी वर चांदण्या बघत असे आणि मनात इतिहासाची सनावळी घोकत असे.

पण अंगाच्या दुखण्यापेक्षा दुसरंच काहीतरी तिला खात होतं. ते काय, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझी सख्खी आत्या १९९१ साली पहिल्या बाळंतपणात गेली. आमच्याच घरातून तिला बैलगाडीत घालून तालुक्याला नेत होते. वाटेतच ती आणि बाळ दोघंही गेली. घरात तिचा फोटो नाही, तिचं नाव कुणी काढत नाही. आक्काने एकदाच आईपाशी विषय काढला, तेव्हा आई तिच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "भरल्या पोटी असलं अभद्र बोलू नये गं." झालं. त्या दिवसापासून आक्काची भीती मुकी झाली.

मग मी माझं शिक्षण वापरायचं ठरवलं. पहिला प्रयोग म्हणून मी तिला डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. त्या काळात एक मुलगी सातासमुद्रापार गेली, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली, आणि तिने प्रबंध लिहिला तो हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणावरच! मी अगदी रंगात येऊन सांगत होते. आक्काने शांतपणे विचारलं, "पण तिला डॉक्टर का व्हावंसं वाटलं?" मी सांगून बसले की, चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्यानंतर आक्का त्या रात्री एक शब्द बोलली नाही. पुस्तकातलं सगळंच सगळ्या वेळी सांगायचं नसतं, हे मला कोणत्याही पेपरात शिकवलेलं नव्हतं.

दुसरा प्रयोग सोपा होता. "घाबरू नकोस," असं मी तिला उठताबसता सांगायला लागले. आई तेच सांगत होती, शेजारणी तेच सांगत होत्या. एका रात्री ती वैतागून म्हणाली, "घाबरू नको म्हणायला तुमच्या बाचं काय जातंय? मला कशाची भीती वाटती ते तरी इचारलं का कुणी?"

दुसऱ्या दिवशी मी मानसशास्त्राच्या बाईंना गाठलं. त्यांनी मला ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांविषयी सांगितलं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी मांडलं की, भीतीने शरीर ताठरतं, ताठरल्याने वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीती वाढवते. असं ते चक्र. बाईंनी एक गोष्ट मात्र बजावली. "याचा अर्थ वेदना खोटी असते असा नाही हं. तिला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं चुकूनही म्हणू नकोस. पण चक्र कुठेतरी तोडता येतं. भीतीला आधी नाव तरी देऊ दे तिला."

त्या रात्री मी राज्यशास्त्राची वही उलटी केली आणि शेवटचं पान उघडून आक्काला म्हटलं, "सांग. एकेक सांग. मी लिहिते. अभद्र असलं तरी चालेल."

पहिला प्रश्न पायाच्या गोळ्याचा होता. दुसरा उताणं झोपण्याचा. तिसरा, बाळ कमी हललं तर काय करायचं? चौथा, खऱ्या कळा आणि खोट्या कळा ओळखायच्या कशा? पाचवा, तारीख उलटली तर? सहावा, नेमकं किती दुखतं? सातवा, पोट फाडावं लागलं तर पैसे किती? आठवा, रात्री गाडी मिळाली नाही तर? एवढं सांगून ती थांबली. मी पेन तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आत्यासारखं झालं तर?" मी तेही लिहिलं. नववा प्रश्न.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही पद्धत आहे. आमच्या आशाताई आक्काला घेऊन निघाल्या तेव्हा मीही तास बुडवून, वही काखेत मारून गेले. डॉक्टरबाईंनी वही पाहिली आणि हसल्या. मला वाटलं, रागावतील. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेक प्रश्न वाचला.

गोळा आला की पाय सरळ करून बोटं आपल्याकडे ओढायची. झोपायचं कुशीवर, शक्यतो डाव्या, आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो म्हणून जीव घाबरतो. शेवटी शेवटी बाळ हलायचं कमी होतं, हा बायकांचा समज चुकीचा. हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट बघायची नाही. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, रक्त गेलं किंवा पाणी गेलं, तरी लगेच निघायचं. खोट्या कळा कशाही येतात आणि थोडं चालल्याने किंवा पडून राहिल्याने थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, लांबतात, वाढतात आणि एकमेकींच्या जवळ येतात. "तुमचं गाव लांब आहे, तेव्हा दहा-दहा मिनिटांनी यायला लागल्या की निघा," त्या म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात सिझर झालं तरी पैसे लागत नाहीत. २०११ पासून तसा नियमच आहे. आणि १०२ नंबरची गाडी न्यायला येते, परत सोडतेही.

तारखेचं ऐकून मात्र गंमत वाटली. कार्डावरची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दोनशे ऐंशी दिवस धरून काढतात, म्हणजे साधारण नऊ महिने सात दिवस. आमची आजी नेहमी म्हणते, नऊ महिने नऊ दिवस. निरक्षर आजीच्या आणि डॉक्टरांच्या हिशेबात अवघा दोन दिवसांचा फरक! शिवाय बाळ नेमकं त्याच तारखेला येतं असंही नाही. थोडं मागंपुढं होतंच.

सहाव्या प्रश्नाशी डॉक्टरबाई थांबल्या. आक्काकडे बघून म्हणाल्या, "दुखतं. खोटं नाही सांगणार. पण सलग दुखत नाही. कळ येते, चढते आणि उतरते. मध्ये सवड मिळते. एका वेळी एकच कळ सोसायची असते, सगळ्या एकदम नाही. चढताना श्वास धरून ठेवू नकोस, सावकाश सोडत राहा." त्या दिवशी परत येताना आक्का मला म्हणाली, "किती बरं वाटलं बघ. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं की दुखतं म्हणून."

नवव्या प्रश्नावर डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "म्हणून तर तुला इथे बोलावते आहे." त्याचं उत्तर मिळालं ते घरात, आणि जिच्याकडून मिळेल असं कधी वाटलं नव्हतं तिच्याकडून. चार-पाच दिवसांनी मी आक्काचे पाय चेपत बसले होते. आजी वाकळ पांघरून कोपऱ्यात पडली होती. आम्हाला वाटलं, झोपली आहे. एकाएकी ती अंधारातून बोलायला लागली.

"लई रगात जात हुतं तिचं. सांजच्यापारी कळा सुरू झाल्या. सुईण म्हनली, हुतंय. आमी वाट बघत बसलो. मध्यान रातीला म्हनली, आता माझ्या हातात न्हाई. मग बैलं जुपली." आजी थांबली. "समद्यांनी नशिबाला बोल लावला. मीबी लावला. पन पोरी, तिचं नशीब वाईट न्हवतं. त्या राती गावात गाडी न्हवती, येवढंच. तुला गाडी हाय. तू सांजच्यालाच निघ."

खोलीत कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मग आक्का उठली, भिंतीला धरत आजीच्या अंथरुणापाशी गेली आणि तिच्याजवळ टेकली. आजीने तिला आत्याचं नाव सांगितलं, तिला काय आवडायचं ते सांगितलं. त्या रात्री दोघी रडल्या आणि दोघी झोपल्या. मी वही मिटली. नशिबाचा प्रश्न गाडीचा प्रश्न झाला, आणि गाडीचा प्रश्न सोडवता येण्यासारखा होता. आण्णांनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेंपोवाल्याशी बोलून ठेवलं, १०२ ची गाडी मिळाली नाही तर म्हणून. आईने जुनी लुगडी फाडून, धुऊन पिशवी भरली. मी कार्ड, आधार आणि बँकेचं पुस्तक त्याच पिशवीत टाकलं आणि मोबाईल रोज रात्री चार्ज करून उशाशी ठेवू लागले.

कळा सुरू झाल्या त्या रात्री अकराच्या सुमाराला. आक्का कळ आली की माझा हात दाबायची आणि मी वहीत वेळ लिहायची. अकरा दहा. अकरा सत्तावीस. अकरा चाळीस. आक्का चालून आली, पडून पाहिलं, थांबेनात. अंतर दहावर आलं तेव्हा आजीच आण्णांवर ओरडली, "फोन लाव, बघत काय बसलास!" गाडी आली. वाटेत आक्का श्वास सोडत राहिली आणि मी तिच्या कानाशी म्हणत राहिले, "उतरली बघ. उतरली. आता सवड." दवाखान्यात आई आत गेली, मी बाहेरच्या बाकावर. तिथे मला काही येत नव्हतं. तो बाक मी कधी विसरणार नाही.

सकाळी साडेसहाला आईने दार उघडलं. मुलगी. दोघी सुखरूप. आजीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून काहीच ऐकू येईना. मग ती एवढंच म्हणाली, "आली व्हय परत!"

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. ते म्हणून आपण मोकळे होतो आणि तिची भीती तिच्यापाशीच ठेवतो. त्या पंधरवड्यात मी फार काही केलं नाही. फक्त विचारलं आणि लिहून घेतलं. भ्यालेल्या माणसाला "भिऊ नकोस" म्हणणं सोपं असतं. "कशाची भीती वाटते?" असं विचारून उत्तर येईपर्यंत शेजारी बसणं अवघड असतं. शिक्षणाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं तर निदान एवढं तरी मी सांगेन.

आक्का सव्वा महिन्याने सासरी गेली. मग परीक्षेच्या तयारीसाठी मी राज्यशास्त्राची वही उघडली, तेव्हा शेवटच्या पानावर माझ्या नऊ प्रश्नांखाली तिच्या वळणदार अक्षरात एक दहावा प्रश्न होता. "दहावीनंतर सहा वर्षांचा खंड पडला असंल, तर बारावीला बाहेरून बसता येतं का?"

मी आमच्या कार्यालयात जाऊन विचारून आले. येतं. सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो मी तिच्याकडे पाठवला आहे.