म्हातारीला कुणी विचारलं?

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण दयामरणाच्या चर्चेत हमखास निघते. तिच्यातली भीती पोकळ नाही. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवायला वाट दिली, पण दर वेळी उच्च न्यायालयाची मंजुरी सक्तीची केली. मालमत्तेसाठी संगनमत होईल, ही शंका निकालातच नोंदवली आहे. पण मला म्हणीचा पहिला अर्धा भाग सोडत नाही. दुःख नाही, ते कुणाला? म्हातारीला जगायचं होतं की सुटायचं होतं? काळाचा बंदोबस्त करण्याच्या घाईत तिला कुणी विचारलेलंच नाही.

अरुणा शानबागला विचारता येण्याजोगं नव्हतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून ती तिथेच भान हरपून पडून होती. तिला मरू द्यावं, ही याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली, तिथल्या परिचारिकांनी विरोध केला, आणि तिची जवळची माणसं म्हणून न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानलं. त्यांचं मत पुढे बदललं, तर त्यांनीच मुंबई उच्च न्यायालयात जावं, असंही म्हटलं. जो भरवतो, कूस बदलून देतो, त्याला आधी विचारावं, ही कसोटी मला मनापासून पटते. पण केईएममध्ये निदान ड्युट्या बदलत होत्या. घरात एकट्या सुनेला बदली मिळत नाही. तिच्या उत्तरात माया किती आणि थकवा किती, हे न्यायाधीश कसं ओळखणार? तिला स्वतःला तरी ओळखता येईल का?

यावर उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने उपचार नाकारण्याच्या इच्छापत्राची सोय केली. २०२३ मध्ये त्याला नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी ठरली. शुद्धीत असतानाच माणसाने लिहून ठेवावं. हे योग्यच आहे. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारलं तेव्हा त्यांचा शब्द मानणारी माणसं भोवती होती. पण एखादी आजी ‘आता पुरे, पोरांना त्रास नको’ म्हणते, तेव्हा ते तिचं मागणं, की घरातल्या नजरांनी तिच्याकडून वदवून घेतलेलं? कुणी म्हणेल, आयुष्यभराचे निर्णय आपण आपल्या माणसांकडे बघूनच घेतो. मग शेवटचाच तेवढा निर्भेळ का हवा? या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. नोटरी सही तपासतो. त्या आठवड्यात घरात काय बोललं गेलं, हेही त्याने विचारावं का? आणि विचारलं, तर पोरांच्या देखत ती खरं सांगेल का?