मालकच विकतोय म्हणे!

डिमॅट खातं उघडलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, शेअर घेतला की तू कंपनीचा भागीदार. भागीदारी जेमतेम अंगी लागतेय तोच बातमी आली: प्रवर्तकाने हिस्सा विकला. मोठा भागीदारच निघाला, मग मी इथे कोणासाठी थांबलोय?

मामांना फोन केला. ते म्हणाले, "बातमी सोड, शेअर बाजाराकडे आलेला तक्ता वाच."

तोवर आतल्या माणसाने विकणं म्हणजे गुन्हाच, अशी माझी समजूत. गुन्हा आहे तो दडलेली माहिती हाताशी धरून व्यवहार करणं. एरवी बाजार नियंत्रक सेबीचे 2015 चे नियम विकू देतात, पण उघडपणे. प्रवर्तक, संचालक किंवा ठरावीक अधिकाऱ्याचे तिमाहीतले व्यवहार 10 लाख रुपयांवर गेले, की त्याने कामकाजाच्या दोन दिवसांत कंपनीला कळवायचं, कंपनीने पुढच्या दोन दिवसांत बाजाराला. शिवाय तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तास होईपर्यंत त्यांना सहसा व्यवहारबंदी.

तक्ता उघडला आणि जास्तच गोंधळलो. एका ओळीत ढीगभर शेअर 'गेले'. शेजारच्या रकान्यात 'गिफ्ट'. घरातल्या घरात वाटणी, बाजारात एकही आला नाही! दुसऱ्या ओळीत इसॉपमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर योजनेत, मिळालेले शेअर विकणारा अधिकारी. त्याने घर घेतलं असेल, कर भरला असेल. आपण का घाबरायचं? धडकी भरली ती तिसऱ्या प्रकाराने: प्रवर्तकाने गहाण ठेवलेले शेअर सावकाराने ताब्यात घेतलेले. तिथे विकायचं की नाही हे मालकाच्या हातातच उरत नाही.

मामांनी इंडिगो विमानकंपनीचं उदाहरण दिलं. सहसंस्थापक राकेश गंगवाल फेब्रुवारी 2022 मध्ये संचालकपदावरून उतरले. पाच वर्षांत हिस्सा हळूहळू कमी करणार, हेही तेव्हाच सांगितलं. मग टप्प्याटप्प्याने हजारो कोटींचे शेअर विकले. ते पदावरून उतरले तेव्हा दोन हजारांच्या आसपास असलेला भाव 2025 मध्ये पाच हजारांच्या वर गेला. पहिल्या विक्रीला पळालेल्यांचं काय झालं असेल, ते मामांनी हसूनच सांगितलं.

म्हणून निर्धास्त राहावं, असं मला वाटत नाही. तिमाही संपायच्या तोंडावर मालक, वित्त अधिकारी आणि संचालक एकदमच विकत सुटले असतील, तर मी तरी नवे शेअर घेणार नाही. एकटा कोणी विकत असेल तर आधी बघतो, त्याच्याकडे उरले किती. तो आकडा तक्त्यात असतो. का विकले, याचा रकाना त्यात नाही.